बारकी, मधली आणि थोरली

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढं मी गोजामावशीला काय बोलले ते वाचून तुम्ही म्हणाल, काय बाई आहे ही!

किन्हवलीला एसटी स्टँडसमोर माझं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलं तेव्हा त्यात गूळ, मीठ आणि रॉकेल होतं. ते गेले आणि दुकान माझ्या गळ्यात पडलं. नवरा, सुरेंद्र, सकाळी आसनगावहून कल्याणला कामावर जातो आणि घरी आला की विचारतो, "आज काय विशेष?" मी म्हणते, "काही नाही." गोजामावशीचं मात्र त्याला सगळं सांगितलं. सांगितल्याशिवाय घास उतरला नसता.

तर आता दुकानात साबण आहे, वह्या आहेत, डाळ-तांदूळ आहे आणि गेली सहा-सात वर्षं डायपर आहेत. अख्खं पाकीट आमच्याकडं कुणी नेत नाही. घरात लंगोट असतातच, जुन्या लुगड्याचे. डायपर न्यायचा तो गावाला जायचं असेल तेव्हा, लग्नाला, दवाखान्यात, एसटीत दुसऱ्याच्या मांडीवर भिजायला नको म्हणून. म्हणून मी पाकीट फोडते आणि सुटे देते. एक द्या, दोन द्या, असं चालतं.

इथपर्यंत ठीक आहे. घोळ पुढं आहे. पाकिटावर माप लिहिलेलं असतं किलोवर. सगळ्यात लहान आठ किलोपर्यंत, मधलं सात ते बारा, मोठं त्याच्या पुढं. आणि गिऱ्हाईक सांगतं महिन्यांवर. कुणी सांगतं, "रांगणाऱ्याचं द्या." कुणी नुसतंच सांगतं, "पोराचं द्या." किलो कुणीही सांगत नाही. माहीत असलं तरी सांगत नाही. लेकराचं वजन चारचौघांत बोललं की नजर लागते. बाळसं छान धरलंय हो, असं सहज म्हणून बघा. आई लगेच म्हणणार, "कुठलं काय, कालच जुलाब झाले."

त्यात आमचे कमळूदादा. नातू झाला म्हणून आनंदानं आले आणि म्हणाले, "सगळ्यात मोठं दे."

"किती दिवसांचा आहे?" मी विचारलं.

"आज बारावा दिवस."

"मग हे काय करणार? लहान न्या."

"वाढतं अंग हाय गो. शाळंचा ड्रेस आमी कदी मापाचा घेतला का? दोन वरसं जाया नको?"

"दादा, हे दोन वर्षं नाही जात. दोन-तीन तास जातं. मग टाकून द्यायचं असतं."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही धंदा मला कळत नाही आणि त्यांना कळतो. मोठंच नेलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम येऊन सांगून गेले की डायपर काखेपर्यंत आला, पण थंडीचं बरं आहे, छाती झाकते.

शहापूरहून माल टाकायला मनोज येतो. त्यानं एक तक्ता आणून काउंटरवर चिकटवला. "ताई, महिन्यावर देत जाऊ नका. किलोवर द्या. घट्ट झालं तर मांड्यांना वळ उठतात, सैल झालं तर बाजूनं गळतं. कमरेत दोन बोटं सरकली पाहिजेत, बस्स."

"आणि किलो कुठून आणू?"

"तुमच्याकडं काटा आहे की."

"शहाणाच आहेस! एखाद्या आजीसमोर बोलून दाखव," मी म्हटलं. साखर आणि सोयाबीन मोजायच्या काट्यावर लेकरू ठेवायचं! ठेवलं की ते तिथंच थांबतं, वाढत नाही, अशी इकडच्या म्हाताऱ्यांची पक्की समजूत. मनोजचा तक्ता अजून आहे. त्यावर मी खडूच्या डब्या ठेवते.

हा सगळा घोळ गोजामावशीनं मिटवला.

गोजाबाई शेणव्याकडची. गावाच्या कडेला वस्ती आहे तिथली. वय विचारलं की म्हणायची, "भातसाच्या धरणाचं काम निघालं तवा मी परकरी होते." घरात वीतभर जमीन नव्हती. पावसाळ्यात दुसऱ्यांची लावणी करायची, पावसाळा सरला की नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जायचं. नवरा महादू, तो भट्टीच्या धुरानंच लवकर गेला. भट्टीवरच्या खोपट्यांत बाया बाळंत व्हायच्या, जवळ सासू नाही, आई नाही. तिथं गोजामावशीनं न्हाऊ घालायला सुरुवात केली. पाय लांब करून बसायचं, पोर पायांवर पालथं घालायचं, तेलानं रगडायचं, मग ऊन ऊन पाणी. तो हात असा बसला की भट्टी सुटली तरी ते काम सुटलं नाही. किन्हवलीतली निम्मी तरणी पोरं तिच्या पायांवरून गेली आहेत. ज्या घरांत तिला चहा वेगळ्या कपात मिळायचा, त्या घरांतल्या पोरांच्या अंगावर पहिलं पाणी तिच्या हातचं पडायचं. मी एकदा विचारलं, "तुम्हाला राग नाही यायचा?" तर म्हणाली, "यायचा ना. मंग पोराला जरा जोरात चोळायची."

सकाळी दोन-तीन घरची न्हाणी आटोपली की ती माझ्या पायरीवर बसायची, शेणव्याच्या गाडीची वाट बघत. एक दिवस एक सून कडेवर पोर घेऊन आली आणि माझी आणि तिची नेहमीची हुज्जत सुरू झाली. किती महिन्यांचा, अंगानं कसा, मागच्या वेळी कुठला नेला. गोजामावशी उठली, पोराला बगलेत धरून दोनदा वर-खाली केलं आणि म्हणाली, "मधली दे हिला." झालं. सून गेल्यावर मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"हात हायेत ना."

"किती किलो असेल?"

"किलो मला नाय समजत. अडीच वीट हाय."

मग तिनं समजावून सांगितलं. भट्टीवरची कच्ची वीट तीन किलोची. जन्मभर उचलून उचलून तेवढं वजन हाताला पाठ झालेलं. जन्मलेलं पोर म्हणजे एक वीट, कधी पाऊण. बाळसं धरलं की दीड, दोन. डायपरला ती कागदाची लंगोटी म्हणायची, आणि मापांना बारकी, मधली, थोरली. सव्वादोन विटांपर्यंत बारकी, तिथून पुढं मधली. पण विटा मला एकटीला सांगायची, गिऱ्हाईक गेल्यावर. आईसमोर फक्त लंगोटीचं नाव घ्यायची. नजरेचा प्रश्न नाही, वादाचा प्रश्न नाही. चार वर्षांत तिनं सांगितलेलं माप एकदाही चुकलं नाही. बाया तर गोजामावशी पायरीवर असेल तेव्हाच यायला लागल्या. ती नसली की म्हणायच्या, "मग उद्या येते." माझं तोंड बघायला तर कुणी येत नव्हतंच.

आणि एक होतं. पोर हातात घेतल्यावर कधी कधी ती माप सांगायचीच नाही. म्हणायची, "हे हलकं हाय. शहापूरला दवाखान्यात ने. आज ने, सोमवारची वाट नको बघू." अशी तीन पोरं मला आठवतात. एका सासूनं तर स्टँडवर उभं राहून तिला शिव्या दिल्या, माझ्या नातवाला नावं ठेवते म्हणून. गोजामावशीनं ऐकून घेतल्या आणि परत म्हणाली, "आज ने." तिघंही आता बालवाडीत जातात. ज्याच्या आजीनं शिव्या दिल्या तो सगळ्यात धष्टपुष्ट आहे, माझ्या बरण्या पाडतो.

तिचा मुलगा सतीश कंपनीत लागला. घर पक्कं झालं. तो म्हणायचा, "आई, आता बस कर, लोकांची पोरं धूत फिरू नको." ती हो म्हणायची आणि सकाळची गाडी पकडायची. मग सतीशचं लग्न झालं. सून संघरत्ना, मुरबाडकडची, बारावी झालेली, शांत पोरगी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती सातव्या महिन्यात गेली. मुलगी झाली. विहारात नाव ठेवलं मैत्री. गोजामावशी बघून आली, पण तेव्हा पोरगी दुपट्यात गुंडाळलेली, माहेरच्या बायांच्या गराड्यात. हातात म्हणावी तशी मिळालीच नाही. पुढचे तीन महिने ती माझ्या पायरीवर बसून दिवस मोजत होती. "साऱ्या गावची पोरं धुतली, नि माझी नात दुसरीच बाई धुते," असं रोज एकदा तरी म्हणायची. मी म्हणायचे, "येईल हो, पळून चाललीय का?"

पोरगी आली. गोजामावशी चार दिवस आलीच नाही. पाचव्या दिवशी आली. मला वाटलं पेढे आणेल.

"चार मधली दे," ती म्हणाली.

"मैत्रीला? तीन महिन्यांची ना हो ती?"

"माझी नात हाय. बाळसं धरलंय."

मला इतकं बरं वाटलं! चार मधली दिली, वर एक माझ्याकडून दिली. आता कुणी म्हणेल, तुला शंका कशी आली नाही. नाही आली. गोजामावशीनं माप सांगितल्यावर शंका घ्यायची असते हेच मी विसरून गेले होते.

बाजाराच्या दिवशी ती परत आली ती तणतणत. "माल खोटा हाय तुझा. सगळं बाजूनं गळलं." मी दुसऱ्या कंपनीचे दिले. पुढच्या बाजाराला तेच. "हे बी गळतंय. लोकांना कागूद विकतेस का?" माझ्या मालाला नाव ठेवलेलं मला खपत नाही. मी तिच्यासमोरच मनोजला फोन लावला आणि त्याची हजामत केली. तो बिचारा म्हणाला, "ताई, बाजूनं गळतंय म्हणजे साइज मोठी होतेय."

"माप गोजामावशीनं सांगितलंय," मी म्हटलं.

"असं होय," तो म्हणाला. त्यालाही ती माहीत होती. मी फोन ठेवून मावशीकडं बघितलं. ती हात पुसत होती, कोरडेच होते तरी.

असा दीड महिना गेला.

मग एक दिवस दोघी सासू-सुना दुकानात आल्या, पोरगी घेऊन. संघरत्नाच्या भावाची हळद होती मुरबाडला, गाडी बदलायला उतरल्या होत्या. दुकानात आणखी तीन बाया होत्या. संघरत्नानं पोरीला काउंटरवर आडवं केलं, दुपटं बाजूला केलं आणि मला म्हणाली, "ताई, हे असंच असतं का हो?"

डायपर कमरेला दोन घड्या घालून, पुढून गोळा करून, करदोऱ्यात खोचला होता. हो, करदोऱ्यात. काळ्या दोऱ्यावर तो कसाबसा थांबला होता. पायांच्या भोकांतून माझी मूठ गेली असती.

"आत्या म्हणतात सैलच बरं, हवा लागते," संघरत्ना म्हणाली. "मी म्हटलं एकदा बारकी आणून बघू, तर आत्या म्हणाल्या, मला शिकवू नको. त्यांना कळतं, म्हणून मी..."

मी पोरीला उचललं. मला विटा कळत नाहीत, किलोही कळत नाहीत, पण माझी स्वतःची दोन पोरं मी उचलली आहेत. हातात काही आलंच नाही. मांड्यांवर कातडी सुटी होती. डोळे तेवढे मोठे मोठे, माझ्याकडं लावलेले. मी गोजामावशीकडं बघितलं, तर ती स्टँडवरच्या पाटीकडं बघत होती. तिला वाचता येत नाही.

"गाडी लागली," ती म्हणाली. गाडी लागली नव्हती.

माझं डोकं फिरलं. "मावशी, ही मधली आहे? ही बारकीलासुद्धा जेमतेम पुरते! लोकांच्या पोरांना धाडधाड सांगता, आज ने, सोमवारची वाट बघू नको. आणि घरच्या पोरीला करदोऱ्यात खोचून ठेवलंय? लाज नाही वाटत?"

संघरत्ना एकदा माझ्याकडं, एकदा सासूकडं बघत राहिली. गोजामावशीनं माझ्या हातातून पोरगी घेतली, दुपट्यात गुंडाळली.

"लागली तुजी नजर," ती म्हणाली. "झालं समाधान?"

आणि सुनेला घेऊन गेली. मुरबाडच्या गाडीत नाही बसली. शेणव्याच्याच गाडीत परत बसली.

त्या रात्री सुरेंद्रला सांगितलं. तो म्हणाला, "तू बरोबर बोललीस. पण चौघींत बोललीस." मी त्याच्यावरही चिडले, कारण ते खरं होतं. पायरी रिकामी पडली. बाया यायच्या, विचारायच्या, मावशी कुठं? मग महिने सांगायच्या, मी अंदाजानं द्यायचे, सगळे चुकायचे. पण माझं त्यात लक्ष नव्हतं. मला त्या पोरीचे डोळे दिसायचे. मला भीती वाटत होती. वस्तीवर जावं असं रोज वाटायचं आणि रोज मी जात नव्हते. ती मला म्हणाली, तुझी नजर लागली. मी गेले आणि पोरीला काही झालं तर? असल्या गोष्टी मी मानत नाही. तरी गेले नाही. दोनदा फोन मात्र केला सतीशला, उचलला नाही. अंगणवाडीच्या बाईला गाठलं, तर ती म्हणाली, "मी दोनदा गेले वजन करायला. मावशी म्हणाल्या, पोरगी झोपलीय. त्यांच्या घरचं मी काय तपासणार? मीच माझ्या पोराचं त्यांना विचारायचे." मी तिला म्हटलं, आता झोपलेली असली तरी उठव. ती जाते म्हणाली.

नवव्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. गोजामावशी आली. मागं संघरत्ना, तिच्या खांद्यावर पोरगी. अंगणवाडीवाली गेली होती की नाही ते मी आजवर विचारलेलं नाही.

मावशी मला म्हणाली, "काटा पूस."

मी पुसला. साखरेचे दाणे होते ते फडक्यानं काढले. तिनं पिशवीतून आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा काढला, चार घड्या घालून काट्यावर पसरला. त्याचं वजन धरायला नको म्हणून मी बटण दाबून काटा परत शून्यावर आणला. तिनं सुनेकडून पोरीला घेतलं. बगलेत धरलं. दोनदा वर-खाली केलं नाही, नुसतीच धरून उभी राहिली. मग काट्यावर ठेवलं आणि आमच्याकडं पाठ करून रस्त्याकडं तोंड केलं.

"दीड वीट," ती म्हणाली.

आकडे पुढं-मागं झाले आणि थांबले. चार किलो पाचशे वीस.

"म्हणजे किती?" संघरत्नाला विटांचं माहीत नव्हतं.

"साडेचार," मी म्हटलं.

संघरत्नानं आकडे बघितले. मग सासूच्या पाठीकडं बघितलं. "आत्या, तुम्हाला माहीत होतं?"

"उंबऱ्यात हातात घेतली तवाच समजलं."

"मग बोलला का नाहीत?"

गोजामावशी वळली नाही. "बोलले आसते तर खरं झालं आसतं."

काट्यावर पोरगी हात हलवत होती, त्याबरोबर आकडे हलत होते.

"लोकांचं सांगताना माझं तोंड चालतं," ती म्हणाली. "हिचं सांगाया तोंडच उघडंना. रोज वाटायचं, उंद्या भरंल. मधली घातली म्हंजे भरंल."

संघरत्ना शांत पोरगी, पण ती तेव्हा ओरडली. "दीड महिना आत्या! दीड महिना मी माझ्या दुधाला शिव्या देतेय!" मग तिनं पोरीला उचललं, छातीशी धरलं आणि रडायला लागली. मीही रडले. माझं रडणं रागासारखंच आहे, लवकर येतं. गोजामावशी रडली नाही. तिनं लुगड्याचा तुकडा झटकला, घडी केला, पिशवीत टाकला. तेवढ्यात दोन बाया दुकानात शिरल्या, त्यातली एक त्या दिवशीच्या तिघींपैकी. त्यांच्या देखत, पार स्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात गोजामावशी म्हणाली, "निर्मला, बारकी दे. सहा दे. नात हलकी हाय माझी, शहापूरला दवाखान्यात नेतोय. किती टाइम लागंल ठाव नाय."

मी सहा बारकी दिली. एक तिथंच बसवलं. कमरेत बरोबर दोन बोटं सरकली.

शहापूरला सरकारी दवाखान्यात चौदा दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी पोरीचं तोंड उघडून बघितलं. जीभ खालून पडद्यानं बांधल्यासारखी होती, ओढायला वळतच नव्हती. पोरगी तासन्तास छातीला लागायची आणि पोटात चमचाभर जायचं. तो पडदा जरासा कापला. दोन मिनिटांचं काम. मग दूध कसं पाजायचं, वरचं काय द्यायचं, ते संघरत्नाला शिकवलं.

परत आल्यावर गोजामावशी गाडी येईपर्यंत पायरीवर बसली. उठताना म्हणाली, "साऱ्या गावच्या पोरांच्या तोंडात माझं बोट गेलंय. टाळू बगाया, चिकटा काढाया. हिच्या तोंडात घालाया भ्याले. घातलं आसतं नि काय लागलं आसतं हाताला तर?"

"आता झालं ना बरं," मी म्हटलं.

"तू चौघींत बोललीस म्हणून झालं," ती म्हणाली. "लई वाईट बोललीस पण."

"हो," मी म्हटलं. "चुकलंच माझं."

"नाय चुकलं. वाईट बोललीस एवढंच." आणि गाडीत बसली.

त्यानंतर दर बाजाराला पोरगी माझ्या काट्यावर यायला लागली, लुगड्याच्या तुकड्यावर. आधी बाया तोंडाला पदर लावायच्या. मग एकीनं विचारलं, "आमच्याला बी ठेवू का?" आता बाजाराच्या दिवशी साखर मोजायची म्हटलं तर मला काटा मोकळा मिळत नाही. मनोजला वाटतं हे सगळं त्याच्या तक्त्यामुळं झालं. मी त्याला तसंच वाटू देते. कमळूदादा मात्र अजून वाढत्या अंगाचंच नेतात.

या गोष्टीला आता तीन महिने होतील. परवाच्या बाजाराला दुकान भरलेलं, उभं राहायला जागा नाही. गोजामावशी पोरीला कडेवर घेऊन गर्दीतून पुढं आली.

"मधली दे," ती म्हणाली.

मी काहीच बोलले नाही. देवाशप्पथ, एक शब्द नाही. पण माझं तोंड काय लपतं का!

"काय बगतेस? अडीच वीट झालीय. ठेव काट्यावर."

पोरीला काट्यावर ठेवलं तर ती पडून राहीना. उठून बसली, काट्याची कड धरली, माझ्या बिस्किटांच्या पुड्यावर हात मारला. आकडे काही केल्या थांबेनात. शेवटी संघरत्नानं चुटक्या वाजवल्या, पोरगी तिकडं बघत राहिली आणि काटा थांबला. सहा किलो सातशे नव्वद.

गोजामावशीनं आकड्यांकडं बघितलं. वाचता येत नसलं तरी आकडे तिला आता येतात.

"काटा बरोबर हाय ना तुजा?"

"बरोबर आहे. शिक्का आहे त्याच्यावर."

"सव्वादोन वीट," ती म्हणाली. पोरीला उचलून कडेवर घेतलं, तिच्या पायांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "मंग बारकीच दे."

मी बारकीचं पाकीट पुढं ओढलं.

"निर्मला."

"काय?"

"त्यातली जरा थोरली बगून दे."

आता एका पाकिटातली सगळी एकाच मशीनमधून निघालेली असतात, तंतोतंत सारखी. दुसरं कुणी असतं तर मी चार शब्द सुनावले असते. मागं गिऱ्हाईक खोळंबलं होतं, कुणीतरी "आवर ना गो" म्हणत होतं. मी पाकिटात हात घातला, एकेक काढून काउंटरवर उलगडलं, एकावर एक ठेवून कडा जुळवून बघितल्या. चौथं मला जरा मोठं वाटलं. ते तिला दिलं.